खवल्या मांजराचा चेहरा

बसच्या कुशीवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'युरोपातली सर्वांत लाडकी प्राणिसंग्रहालयं, दहा दिवसांत सहा.' इर्मेलाबाई ब्रुन्स यांना ती अक्षरं आता वाचता येत नव्हती. पण कोलोनला त्यांना सोडायला आलेल्या मुलानं ती मोठ्या कौतुकानं वाचून दाखवली होती आणि तेव्हापासून त्यांचं डोकं उठलं होतं. लाडकी म्हणे. कोणाची लाडकी? ज्यांना चित्ता आणि बिबट्या यांतला फरक कॉफीच्या मगवरची चित्रं बघून कळतो, त्यांची.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, एकटीनं गाडी हाकत चारशे बारा प्राणिसंग्रहालयं पायाखाली घातल्यावर, बाई अशा सहलीला निघाल्या होत्या जिच्यात मॅन्डी नावाची गाइड काठीला कापडी जिराफ बांधून पुढे चालते आणि बाकीचे अडतीस जण त्या जिराफामागून शेळ्यांसारखे जातात. पहिल्याच दिवशी अँटवर्पला ही मंडळी फाटकातून आत शिरली ती थेट मुतारीत, तिथून दुकानात, दुकानातून उपाहारगृहात, आणि मग कोणीतरी विचारलं की सिंह कुठे आहे. ओकापी, जिराफाचा दुर्मीळ भाऊबंद, त्यांच्यापासून वीस पावलांवर उभा होता. एका जोडप्यानं, दोघांच्या अंगात एकाच रंगाचं जाकीट, त्याला 'अर्धवट झेब्रा' ठरवलं आणि त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढले. बाईंनी त्या दोघांना त्या क्षणापासून माणसांतून वजा केलं.

मुलगा म्हणाला होता, आई, तुला प्राणी आवडतात ना, मग मजा येईल. आवडतात. जणू काही प्राणी म्हणजे चॉकलेट. इर्मेलाबाईंना प्राणी आवडत नव्हते, त्या प्राणी पाहत होत्या, आणि या दोन गोष्टींतलं अंतर चाळीस वर्षांत ना त्यांच्या नवऱ्याला कळलं, ना मुलाला.

ते कळत असे फक्त मंडळाला. ऱ्हाइनकाठच्या पंधरावीस जणांचं हे मंडळ वर्षातून एकदा एका खानावळीत जमायचं आणि बटाट्याचं सॅलड खात खात एकमेकांच्या याद्या तपासायचं: कोणी कोणता प्राणी, कुठे, कोणत्या तारखेला पाहिला. यादी तपासण्याचं काम सव्वीस वर्षं इर्मेलाबाईंकडे होतं. मंडळाचे नियम चार, आणि चौथा त्यांनीच आग्रहानं घालून घेतलेला: चेहरा दिसला पाहिजे. गवतातून शेपूट हलली, झोपायच्या पेटीतून पाठ दिसली, तर तो प्राणी पाहिला असं धरायचं नाही. एकदा हॉर्स्ट नावाच्या सभासदानं एक दुर्मीळ रानमांजर लिहून आणलं. बाईंनी सहज विचारलं, कान कसे होते? हॉर्स्ट गप्प. बाईंनी सगळ्यांदेखत पेन्सिलीनं ती ओळ खोडली. हॉर्स्ट पुन्हा आला नाही. बाईंनी त्याच्या वाट्याचं सॅलड दुसऱ्याला वाढायला सांगितलं.

आणि आता सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग मरत चाललाय. कडा राहतील, मध्य जाईल. डावा डोळा गेलाच आहे, उजव्याला फार तर हिवाळा. गाडी चालवायची नाही. बाईंनी गाडी विकली आणि सगळ्यांना सांगितलं की रहदारीचा कंटाळा आला. मंडळाला तर अवाक्षरही कळू दिलं नाही. कळल्यावर ती माणसं किती गोड बोलली असती ते त्यांना माहीत होतं. त्या स्वतः कोणाशी कधी तसं गोड बोलल्या नव्हत्या, पण इतरांचं ऐकलं होतं.

तरीही त्या या बसमध्ये बसल्या, त्याला कारण एकच. युरोपात पाळल्या जाणाऱ्या सस्तन प्राण्यांची जेवढी म्हणून कुळं आहेत, तेवढी सगळी त्यांच्या वहीत होती. एक सोडून. खवल्या मांजर. लाइपझिगला एके काळी ते होतं, बाई त्याच्यासाठी तीनदा गेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा ते पेटीत वेटोळं करून, तोंड पोटाशी घेऊन झोपलेलं. मोठ्या फणसाएवढा खवल्यांचा गोळा. दुसऱ्या कोणी लिहून टाकलं असतं. बाई तिन्ही वेळा वही न उघडता परत आल्या होत्या. आता ते प्रागमध्ये होतं, बस प्रागला जात होती, आणि उजव्या डोळ्यात अजून थोडी धुगधुगी होती. तेवढ्यासाठी त्यांनी जिराफ गिळला.

जिराफापेक्षा गिळायला कठीण होते ते शेजारच्या आसनावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, नोल. आल्बेर्ट नोल, झोलिंगेनचे निवृत्त खाटीक, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. पहिल्याच तासात त्यांनी आपलं सहलीला येण्याचं प्रयोजन सांगून टाकलं: प्रत्येक प्राणिसंग्रहालयातलं सॉसेज खाऊन बघायचं. मग मुक्कामागणिक निकाल: रॉटरडॅमचं फार बारीक दळलेलं, बर्लिनचं बरं पण कातडं जाड, वगैरे. शिवाय त्यांना पांडा बघायचा होता. बर्लिनला बघून झाला तरी व्हिएन्नाला आणखी बघायचा होता, कारण, ते म्हणाले, पांडाकडे बघून माणसाला बरं वाटतं. बाई म्हणाल्या की बरं वाटायला औषधाचं दुकान असतं. नोल मनापासून हसले आणि म्हणाले, फ्राउ ब्रुन्स, तुमची जीभ म्हणजे माझ्या दुकानातली हाडं सोलायची सुरी. बाईंना वाटलं होतं की आपण अपमान केलाय. त्याला ते विनोद समजत होते. अशा माणसाचा अपमान तरी कसा करायचा?

बरं, माणूस चिवट. बाई कळपातून फुटून मुद्दाम आडवाटेला लागल्या की दहा मिनिटांत नोल मागे हजर, हातात कागदाची थाळी. बर्लिनला बाईंनी त्यांना एका पिंजऱ्यापुढे उभं करून पाच मिनिटं धडा दिला: हे काय आहे, कुठलं आहे, लॅटिनमध्ये काय म्हणतात. पाटी वाचण्याची त्यांना गरज नव्हती, सगळं तोंडपाठ होतं, आणि चाल कडेच्या नजरेनंही ओळखता येते. नोलनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ह्याची मांडी मस्त आहे. बाईंनी ठरवलं, यापुढे या माणसाशी हवापाण्याखेरीज बोलायचं नाही.

पण रॉटरडॅमला त्यांनी एका पितळी गोरिलाच्या पुतळ्याला धडकून 'माफ करा' म्हटलेलं नोलनी पाहिलं होतं. हसले नव्हते. ते मात्र बाईंना टोचत राहिलं.

प्रागला बस साडेदहाला पोचली. मॅन्डीनं जिराफ उंच धरून जाहीर केलं की आधी हत्ती, मग गोरिला, मग जेवण, तीनला फाटकाशी. इर्मेलाबाईंनी नकाशा घरीच भिंगानं पाहून पाठ केला होता. प्रागचं प्राणिसंग्रहालय नदीकाठच्या डोंगरउतारावर पसरलेलं. खवल्या मांजराचं अंधारं घर वरच्या अंगाला. तारेवरच्या पाळण्यातून वर जाता येत होतं, पण पाळण्याच्या रांगेत ते एकाच रंगाच्या जाकिटांचं जोडपं उभं होतं, म्हणून बाई पायी निघाल्या. चढ उभा होता. मध्य नसलेल्या नजरेनं चढ चढणं म्हणजे काय असतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नसतं: पायापुढची पायरी नेमकी दिसत नाही, तिच्या आजूबाजूचं गवत स्वच्छ दिसतं. दोनदा त्या चुकल्या. एकदा एका तरुण बाईला रस्ता विचारावा लागला, तिच्या बाबागाडीत एक पोर झोपलेलं आणि गाडीच्या दांडीला फुगा बांधलेला, पांडाचा. प्रागमध्ये पांडा नाही. बाईंनी रस्ता विचारून घेतला आणि मग तिला हे सांगितलं.

घराच्या आत गार काळोख होता आणि काचेमागे निळसर उजेड. बाई बाकावर बसल्या. पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली, मांडीवर ठेवली. आता घाई नव्हती. आत पाच-सहा माणसं आली आणि 'काहीच नाही इथे' म्हणून गेली. एक कुटुंब आलं, त्यांच्या पोरानं काचेवर थापा मारल्या, बापानं त्याला थांबवण्याऐवजी स्वतःही एक मारली. बाईंनी जर्मनमध्ये एक वाक्य म्हटलं. त्यांना जर्मन येत नसावं, पण गेले.

मग काचेमागे काहीतरी हललं.

डोळ्याच्या डाव्या कडेला त्यांना ते दिसलं, अगदी लख्ख: ओळीनं रचलेले खवले, उजेड पडला की पाणी सांडल्यासारखे चमकणारे, जमिनीला घासत जाणारी जड शेपटी, पुढचे पंजे आत मुडपून टाकलेली ती चाल. जागं होतं. चालत होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाईंच्या छातीत इतकं धडधडलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यांनी मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

तिथे काही नव्हतं. मध्यभागी एक करडा डाग, कोणी ओल्या अंगठ्यानं चित्र पुसावं तसा. मान जरा उजवीकडे केली, खवले परत आले. खाली केली, पंजा आला. वर केली, पाठीचा बाक आला. पुन्हा चेहऱ्यावर नेली की डाग. त्या डोकं वाकडं करून, तिरपं करून, कोंबडीसारखं झटके देऊन बघत राहिल्या. प्राणी टप्प्याटप्प्यानं सगळा दिसला. चेहरा सोडून.

"चालतं-बोलतं आर्टिचोक," मागून आवाज आला. त्या खवल्याखवल्यांच्या भाजीची आठवण इथे एकालाच झाली असती. हेर नोल. धापा टाकत, थाळीसकट.

नोल शेजारी टेकले, बाक करकरला. ते सांगू लागले की पाळण्यातून आलो, जाकिटवाल्या जोडप्याबरोबर, वाटभर दोघं कोणत्या हॉटेलात न्याहारीला किती प्रकारचं चीज होतं ते आठवत होती. मग त्यांनी इथलं सॉसेज बऱ्यापैकी असल्याचं सांगितलं. आणि मधेच म्हणाले, बघा, बघा, आता तुमच्याकडेच बघतंय.

"कुठे?"

"कुठे काय? हे. तुमच्या नाकापुढे. काचेला तोंड लावून उभं आहे."

बाईंनी हात पुढे केला. बोटं काचेला टेकली. गार. डाग तसाच होता, हलतही नव्हता.

कागदाची थाळी बाकावर ठेवल्याचा आवाज झाला. मग नोल हळू आवाजात, एखाद्या लहान मुलाला विचारावं तसं म्हणाले, "तुला दिसत नाही का गं?"

"तुम्ही म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आपली तेवढी ओळख नाही."

"तुम्हाला दिसत नाही का?"

"कडेचं दिसतं. मधलं दिसत नाही. आणि ही गोष्ट तुम्ही बसमध्ये कोणाला सांगितलीत, तर तुमच्या त्या पांडाची शपथ."

त्यांना वाटलं होतं, आता हा माणूस हळहळेल; त्याच्यासाठी दोन वाक्यं त्यांनी जिभेवर तयार ठेवली होती, दोन्ही धारदार. नोल हळहळले नाहीत. त्यांनी विचारलं, मग आता काय हवंय? बाई म्हणाल्या, चेहरा. आणि मग, आपण हे खाटकाला का सांगतोय हे कळायच्या आत, त्यांनी चौथा नियम सांगितला, हॉर्स्टची खोडलेली ओळ सांगितली, सव्वीस वर्षं सांगितली, आणि हे शेवटचं कुळ असल्याचंही सांगितलं. आवाज कोरडा ठेवला. यादी वाचावी तसं सांगितलं.

"म्हणजे मी बघून सांगायचं."

"तुम्ही काय सांगणार? तुम्हाला प्राण्यात मांडी दिसते."

"विचारून तर बघा."

बाईंनी विचारलं. सव्वीस वर्षं लोकांना जसं विचारलं होतं तसंच, फसवायला. कान कसे आहेत? नोल पुढे वाकले. वेळ घेतला. म्हणाले, कान म्हणावे असे नाहीत, डोक्याच्या बाजूला कातडीची घडी आहे, खिशाच्या झाकणासारखी, मागच्या अंगाला जरा सुटी. डोळा? मिरीच्या दाण्याएवढा, काळा, ओला, आणि भोवतालची कातडी सुजल्यासारखी जाड. खवले तोंडावर कुठपर्यंत येतात? कपाळावरून खाली नाकाच्या मध्यापर्यंत, लहान लहान होत, मग थांबतात. पुढे उघडं मांस. डुकराला गरम पाणी ओतून केस काढले की जसं दिसतं तसं, फिकट, गुलाबीकडे. गालावर विरळ राठ केस आहेत, मी मोजू का? नको. तोंड? तोंड फारच लहान. एवढ्या अंगाला एवढं तोंड बघून कीव येते. दात नसावेत, जबडा तसा वाटत नाही. आता जीभ काढली, काच चाटली. चपटी आणि लांब, आणि संपतच नाही. गेली परत. आता ओल राहिली आहे काचेवर.

बाई ऐकत होत्या. मंडळातले पंधरा-वीस जण त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्यांतल्या एकानंही कधी एखाद्या तोंडाकडे इतकं धडपणे पाहिलं नव्हतं. ते पाहायचे, खूण करायचे, पुढच्या पिंजऱ्याकडे पळायचे. घड्याळ बघत. त्यांच्यात सगळ्यांत पुढे कोण पळायचं, तेही बाईंना माहीत होतं. आणि हा जाडा, सॉसेज खाणारा, पांडा बघून सुखावणारा मनुष्य आयुष्यभर सुरी घेऊन कातडीखाली काय असतं ते बघत आला होता, आणि त्याला एकही लॅटिन नाव येत नव्हतं.

"भाव कसा आहे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी पूर्वी कोणाला कधी विचारला नव्हता. नियमात बसत नाही.

नोलनी विचार केला. "कंटाळलेला नाही," ते म्हणाले. "इथून बाहेर पडणाऱ्या लोकांपेक्षा शहाणा दिसतो."

मग तो प्राणी वळून आत गेला. खवल्यांची सरसर ऐकू आली, आणि कडेच्या नजरेत शेपटी होती तीही गेली.

नोल म्हणाले, लिहा की आता. बाई म्हणाल्या, मी पाहिलेलं नाही. नोल म्हणाले, ते तुमच्यापासून वीतभर अंतरावर होतं, कान, डोळा, जीभ सगळं तुम्हाला ठाऊक आहे, कोणी विचारलं तर तुम्ही त्या हॉर्स्टपेक्षा छान सांगाल. बाई म्हणाल्या, हॉर्स्टनं निदान शेपूट तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि कोणी विचारण्याचा प्रश्न नाही, विचारणारी मीच आहे.

पण वही मांडीवर उघडी होती. काळोखात त्यांना तिच्या रेघाही दिसत नव्हत्या. त्यांनी वही नोलच्या हातात दिली आणि म्हटलं, जिथे लिहिणं संपलंय त्याच्या खाली लिहा, मी सांगते तसं. "खवल्या मांजर, प्राग. चेहरा दिसला नाही. धरू नये."

नोलनी पेन्सिल घेतली. कागदावर तिचा आवाज झाला आणि थांबला. इर्मेलाबाईंचे कान शाबूत होते. त्यांनी सांगितली तेवढी अक्षरं एवढ्यात होत नाहीत. त्याच्या निम्मीही नाहीत.

"काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"हेर नोल, माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा श्वास आधी बदलतो. चाळीस वर्षं नवरा होता मला."

"मग स्वतःच वाचा," नोल म्हणाले, आणि वही परत दिली.

हे बोलणं क्रूर होतं, आणि बाईंना ते आवडलं. त्यांनी पानावर अंगठा फिरवला. खाटकाचा हात जड असतो, पेन्सिलीचा वळ कागदात उतरला होता. चाचपत त्यांनी तो वळ शोधला, निदान तोच असावा, त्याच्या आधीच्या ओळी त्यांच्या स्वतःच्या, हलक्या हाताच्या. पण वरची एक ओळही जरा खोल होती, जुनी, कुठल्याशा आनंदात दाबून लिहिलेली. अंगठा दोन्हींवरून गेला आणि परत आला. खोडायची तर अंदाजानं खोडावी लागणार होती. चुकलं तर एक खरा पाहिलेला प्राणी जाईल आणि खोटा राहील.

त्यांनी पेन्सिल मागून घेतली, टोक टेकवलं, आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली, सरळ, जशी त्या नेहमी ओढत.

"बरोबर ओळ?"

"बरोब्बर," नोल म्हणाले.

हा शब्द फार पटकन आला. सव्वीस वर्षांत इर्मेलाबाईंनी अशा पटकन आलेल्या शब्दाला कधी सोडलं नव्हतं; पुढचा प्रश्न तोंडाशी आपसूक यायचा. आताही आला. त्या थोडा वेळ तो तोंडात धरून बसल्या. मग त्यांनी वही मिटली, पिशवीत टाकली, आणि पिशवीची चेन ओढली.

बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की सगळंच पुसल्यासारखं झालं. उताराच्या तोंडाशी बाई थांबल्या. नोलनी कोपर पुढे केलं.

"हात नको," बाई म्हणाल्या. "समोर उभे राहू नका, समोर असलात की नाहीसे होता. डावीकडे या. आणखी थोडे. हां, आता दिसताय, दुर्दैवानं. असेच चाला. आणि खाली पोचेपर्यंत पांडाचं नाव काढू नका."